सह्याद्रीचा कातळ आणि आदिमानवाची कला

आदिमानवानें चित्रें कां काढलीं, हा प्रश्न विद्वान मंडळी गेलीं दीडशें वर्षें विचारीत आली आहेत. कोणी म्हणतात शिकार साधावी म्हणून, कोणी म्हणतात देवतेस प्रसन्न करण्यासाठीं, तर कोणी केवळ आनंदासाठीं. ह्या वादांत आज मी पडणार नाहीं. त्याच्या जोडीचा, पण कमी विचारला जाणारा प्रश्न असा कीं, तीं चित्रें त्यानें तेथेंच आणि तशींच कां काढलीं? एके ठिकाणीं गुहेच्या अंधारांत रंग, दुसरीकडे उघड्या माळावर कोरीव रेषा, तिसरीकडे हातांत मावेल एवढ्या कवचावर नक्षी. हा भेद कोठून आला? सृष्टीनें किती दिलें आणि माणसानें आपल्या मनचें किती घातलें?

ह्या विचाराला चंदगड तालुक्याचा पश्चिम कांठ फार सोयीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाचा हा तालुका. पूर्वेस बेळगांव, पश्चिमेस घाटाखालीं दोडामार्ग, आणि पलीकडे गोमंतक. येथील ताम्रपर्णी घटप्रभेस मिळून पुढें कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जाते; तिळारीचें पाणी मात्र घाट उतरून गोमंतकांतून अरबी समुद्रास मिळतें. पाण्याची अशी वांटणी झाली, तरी दगडाची एक जात घाटमाथ्यावर आणि घाटाखालीं सारखीच आढळते, ती म्हणजे जांभा. शिवाय इ. स. २००२ च्या सुमारास कर्नाटकाच्या अरण्यांतून हत्ती दोडामार्गांत उतरले आणि पुढें चंदगड-आजऱ्याकडील शेतांतही त्यांचा वावर सुरू झाला. तेव्हां पुष्कळांना हा पाहुणा अगदीं परका वाटला. परंतु खालच्या कोंकणांतील सड्यांवर हत्ती केव्हांचाच उभा आहे, कातळांत कोरलेला!

तो कोरलेलाच कां, रंगविलेला कां नाहीं, हें समजण्यासाठीं आधीं दूरचीं दोन उदाहरणें पाहूं. स्पेनमधील आल्तामिरा ही गुहा १८७९ सालीं प्रकाशांत आली, आणि फ्रान्समधील लास्को १९४० सालीं. दोन्ही चुनखडीच्या खोल गुहा. बाहेर हिमयुगाचा गारठा, आंत ऊनपावसाचा स्पर्श नाहीं. म्हणून तेथील गवे आणि घोडे रंगांत टिकले. आपल्याकडे मध्य प्रदेशांतील भीमबेटका डॉ. वि. श्री. वाकणकर यांनीं १९५७ सालीं उजेडांत आणलें. तेथें वालुकाश्माचे पुढें झुकलेले कडे आहेत. त्यांच्या आडोशाला माणूस राहिला आणि पाठीमागच्या भिंतीवर त्यानें गेरूनें व पांढऱ्या रंगानें हरणें, नाचणारीं माणसें, शिकारी रेखाटले. दगडानें छप्पर दिलें, भिंत दिली आणि रंगही दिला.

आतां कोंकणाचा सडा पाहा. पावसाळ्याची ओल आणि उन्हाळ्याची होरपळ ह्यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या क्रियेनें मूळ खडकांतील सिलिका धुऊन जाते, लोह व अॅल्युमिनियम यांचीं संयुगें मागें उरतात, आणि त्यांचें तांबूस, सच्छिद्र कवच बनतें, तोच जांभा. त्याचा सडा मैल दोन मैल सपाट पसरतो. येथें झुकलेला कडा नाहीं, कोरडी भिंत नाहीं. वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेणाऱ्या ह्या जमिनीवर गेरू फांसला असता तर तो पहिल्या मृगालाच वाहून गेला असता. पण हाच दगड टणक हत्यारानें टोंचला कीं खणला जातो, आणि कोरलेली रेषा पावसाला पुरून उरते. चित्र खोदावें, आणि तें आडव्या जमिनीवर खोदावें, ही दोन्ही बंधनें सृष्टीनें घातलीं.

२०१२ च्या सुमारास रत्नागिरीचे श्री. सुधीर रिसबूड, श्री. धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी यांनीं सडे पायांखालीं घालून ह्या कातळशिल्पांचा पद्धतशीर शोध आरंभिला. आज एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत सुमारें सत्तर ठिकाणीं मिळून दीड हजारांच्या आसपास आकृति ज्ञात आहेत. राजापूर तालुक्यांतील कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या देहाच्या रेषेंत इतर अनेक प्राणी सामावले आहेत. भिंतीवरचें चित्र माणूस समोर उभा राहून पाहतो. हें चित्र पायांखालीं पाहावें लागतें, भोंवतीं फिरावें लागतें. आपल्या घरची गृहिणी अंगणांत रांगोळी घालते ती ह्याच दृष्टीनें. मात्र इतका मोठा हत्ती जमिनीवर उभ्या माणसाला एका नजरेंत येत नाहीं. तो कोरणाऱ्यानें तो आधीं मनांत सबंध पाहिला असला पाहिजे.

ह्या सड्यांवर वाघ, हरणें, मोर आहेत; कासव, शार्क, पाकट असे जलचर आहेत; आणि गेंडाही आहे. आज कोंकणांत गेंडा नाहीं. त्याला दलदल आणि उंच गवत लागतें. गुजरातेंत लांघणज येथील मध्याश्मयुगीन वस्तींत गेंड्याच्या खांद्याचें हाड मिळालें आहे, त्यावरून पश्चिम भारतांत हा पशु एके काळीं वावरत होता ह्यांत संशय नाहीं. हिमयुगाच्या ऐन भरांत समुद्राची पातळी आजच्याहून शंभर मीटरांपेक्षां अधिक खालीं होती आणि किनारा पश्चिमेस दूर सरकलेला होता. पुढें पाणी चढत आलें. अशा पालटत्या भूमीची स्मृति शिल्पांत कोरलेली आहे.

येथवर सर्व यश परिस्थितीच्या पदरांत पडतें. पण तेवढ्यानें भागत नाहीं, हें दायमाबादच्या उदाहरणानें कळतें. प्रवरेच्या कांठच्या ह्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या जागीं १९७४ सालीं चार ओतीव मूर्ति सांपडल्या: बैलांचा रथ व सारथी, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारी मिळून वजन साठ किलोंच्या घरांत. म्हणजे सड्यावरचे हत्ती नि गेंडा येथेंही आहेत. पण येथें गेंडा चाकांवर उभा आहे! धातु ओतणाऱ्या, गाडी जोडणाऱ्या, धान्य पेरणाऱ्या समाजानें रानटी पशूला ओढून नेतां येईल अशा रूपांत आणलें. सड्यावरच्या माणसानें त्याच पशूला जमिनीशीं एकरूप करून ठेवलें; तेथून तो कोणास हलवितां येणार नाहीं. प्राणी तोच, परंतु त्याच्याशीं माणसाचें नातें निराळें. आणि हें नातें म्हणजेच संस्कृति.

दगड एकच असूनही कला वेगळी होते, हेंही दाखवितां येईल. राजापुराजवळ बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा मनुष्य कोरला आहे. गोमंतकांत सांगे तालुक्यांत कुशावतीच्या कांठीं उसगाळीमळ येथें, डॉ. पी. पी. शिरोडकर यांनीं १९९३ सालीं उजेडांत आणलेल्या शंभराहून अधिक आकृति तशाच जांभ्यावर आहेत. पण तेथें वशिंडाचे बैल आणि वळशांत वळसे घेणारा चक्रव्यूह डोळ्यांत भरतो. पाऊस तोच, कातळ तोच; मनांतील चिंता मात्र एक नव्हती. खानदेशांत पाटणें येथें शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर सुमारें पंचवीस हजार वर्षांपूर्वीं कोणी आडव्यातिडव्या रेषांची नक्षी कोरली. शहामृग त्या कोरड्या हवेनें दिला. रेषांची ती जाळी कोणत्याही हवेनें दिलेली नाहीं.

सड्यावरील शिल्पांचा काल ठरविणें कठीण आहे, आणि त्याचें कारणही दगडांतच आहे. उघड्या कातळावर मातीचे थर साचत नाहींत, रेषेंत कोळसा वा हाड उरत नाहीं. म्हणून विद्वानांस आशयावर विसंबावें लागतें. नांगर व शेत दिसत नाहीं, गेंडा दिसतो. ह्यावरून कांहीं पंडित हीं शिल्पें दहा हजार वर्षांच्या आसपास नेतात, तर कांहीं अलीकडे आणतात. अशा वेळीं शेजारची प्रत्येक आकृति, सड्यावर पडलेलें प्रत्येक दगडी हत्यार साक्षीदार ठरतें.

आणि येथेंच खरी काळजी आहे. ज्या गुणानें जांभ्यानें शिल्प धारण केलें, त्याच गुणानें तो चिऱ्याच्या कामीं येतो. तो सहज कापला जातो आणि वाऱ्यावर कठीण होतो. पूर्वीं हातानें चिरे निघत. आतां यंत्र थोड्या दिवसांत सड्याचें कवच उतरवितें. रस्ते, बागा, कारखाने ह्यांनाही सपाट जागा हवी असते. कोंकणांतील आठ व गोमंतकांतील एक अशीं नऊ स्थळें २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य यादींत आलीं; बारसूच्या परिसरांतील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून २०२३ सालीं आंदोलन झालें, तेव्हां ह्या शिल्पांचें नांव पुष्कळ घरांत प्रथमच पोंचलें. रत्नागिरीजवळ उक्षी येथें गांवकऱ्यांनीं पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाचें रक्षण केलें, हें उदाहरण अनुकरणीय आहे.

आपल्यापैकीं अनेकांच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत. तो चिरा कोणी घेऊंच नये, असें म्हणणें अव्यवहार्य होईल. परंतु खाणीला परवानगी देण्यापूर्वीं सडा एकदां उन्हाळ्याच्या तिरप्या उन्हांत चालून पाहावा, एवढें मागणें अधिक नव्हे. गुहेंतील चित्र झांकून ठेवतां येतें, दायमाबादचा गेंडा कपाटांत ठेवतां येतो. सड्यावरच्या माणसानें मात्र आपलें सर्व सांगणें भूमीच्या स्वाधीन केलें. ती भूमि कापली गेली तर त्याचें म्हणणें दुसरीकडे कोठेंही लिहिलेलें नाहीं.