ग्रामसभा : आकार आणि चर्चा (पांढुर्णा–सौंसर)

गावातील सर्व मतदारांची वैधानिक सभा. भारतीय संविधानात ७३व्या दुरुस्तीने (१९९२) तिला स्थान मिळाले. मध्य प्रदेशात पंचायतराज अधिनियम १९९३ चा असून २००१ पासून ग्रामस्वराज्य व्यवस्थेत ग्रामसभेचे अधिकार वाढवण्यात आले. छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून २०२३ मध्ये पांढुर्णा हा मराठीभाषक लोकवस्तीचा स्वतंत्र जिल्हा झाला.

लहान गावात घरकुलाची यादी वाचली जाताना कोणाचे घर खरोखर कच्चे आहे, हे सर्वांना ठाऊक असते. खोटे नाव तिथल्या तिथे अडते. वस्ती वाढली की ही ओळख विरळ होते, मोजकेच लोक बोलतात आणि ठराव हात वर करून उरकले जातात. नगरपालिका झाल्यावर ग्रामसभाच राहत नाही. प्रभाग समित्या तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच संविधानाने बंधनकारक आहेत. पांढुर्णा शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ४५ हजार होती. त्यामुळे अशा मध्यम शहरांत थेट चर्चेचे संविधानाने बंधनकारक व्यासपीठ उरत नाही.

हात वर करून ठराव उरकण्याच्या उलट, गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटात आधी विषय समजून घेऊन मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजवली.