आमच्यामागें हिचें कोण? अर्थात् विशेष लेकरांच्या सेवेचा अल्प इतिहास

ज्युबिलीचें पुस्तक हातीं आलें कीं वाचक देवळाच्या कोनशिलेची मिति व धर्मगुरूंची नामावळि शोधतो. तें योग्यच आहे. परंतु आपल्या इतिहासाचें एक पान असें आहे कीं, बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत नांव चढल्यावर तें बहुधा कोरेंच राहिलें. ज्या घरीं डाऊन सिंड्रोम असलेलें मूल जन्मास आलें, त्या घरांचें तें पान होय.

ह्या अवस्थेचें रीतसर वर्णन १८६६ सालीं इंग्लंडांतील डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनीं केलें. तिचें कारण मात्र १९५९ पर्यंत उमगलें नाहीं. त्या सालीं पॅरिस येथील डॉ. जेरोम लजून व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, ह्या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजीं ४७ गुणसूत्रें असतात. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते. आईनें ग्रहण पाळलें नाहीं, पूर्वजांचें पाप भोवलें, इत्यादि बोल त्या दिवशीं खोटे ठरले. हे लजून श्रद्धावान कॅथलिक होते; २०२१ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस ‘पूजनीय’ ही पदवी दिली.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. रत्नागिरींत वेड्यांचें इस्पितळ १८८६ सालीं उघडलें. पुढें १९१२ च्या कायद्यानें ‘वेडा’ ह्या शब्दाच्या व्याख्येंत जन्मतः मंदबुद्धि असलेल्यांसही गोंवलें. वेड हा आजार, आणि मतिमांद्य ही जन्माची अवस्था. हा भेद कायद्यानें मान्य करण्यास १९८७ साल उजाडलें. तोंपर्यंत आईबापांपुढें वाटा दोनच होत्या: इस्पितळ किंवा माजघर. बहुतेकांनीं माजघर पत्करलें. पाहुणे आले म्हणजे दार ओढून घेतलें जाई. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. दार ओढावें लागे तें आपणां शेजाऱ्यांच्या नजरेमुळें.

तिसरी वाट एका घरानेंच काढली. मुंबईस होरमसजी व दिना वकील ह्या पारशी दांपत्याची कन्या जय हिला डाऊन सिंड्रोम होता. तिच्यासाठीं व तिच्यासारख्या मुलांसाठीं त्यांनीं १९४४ सालीं शाळा सुरू केली. शिवडी येथें ती आजही चालू आहे. रत्नागिरींत हें कार्य ‘आविष्कार’ संस्थेनें हातीं घेतलें. तिचें सविता कामत विद्यामंदिर मुलांस शिकवितें, व शामराव भिडे कार्यशाळा मोठ्यांच्या हातांस काम देते. तेथील विद्या पुस्तकी नव्हे. सदऱ्याची गुंडी लावणें, नाणें ओळखणें, रस्ता ओलांडणें, ह्या एकेका धड्यास महिने लागतात. घरीं आईनें तोच धडा गिरविला नाहीं तर तो पुसला जातो.

अशा मुलांपैकीं सुमारें निम्म्यांच्या हृदयांत जन्मतः दोष असतो, म्हणून पूर्वीं पुष्कळ मुलें लहानपणींच जात. आज शस्त्रक्रिया व शुश्रूषा लाभल्यास पुष्कळांचें वय पन्नाशी-साठीपर्यंत जातें. ही प्रभूची कृपाच. परंतु तिच्यासवें आईबापांच्या उरीं नवी धास्ती आली.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. सेवेच्या आरंभीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत, एक आई आपल्या बारा वर्षांच्या अशाच मुलीस पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठीं घेऊन आली. ‘हिला प्रश्नोत्तरें पाठ होणार नाहींत,’ असें सांगून आम्हीं तिला परत पाठविलें. वस्तुतः पोप दहावे पायस यांनीं १९१० सालींच स्पष्ट केलें होतें कीं, ख्रिस्तप्रसादाची भाकर व नित्याची भाकर यांतील भेद मुलानें आपल्या कुवतीप्रमाणें जाणला म्हणजे पुरे. पुढल्याच रविवारीं, भाकर उंचावतांना, ती मुलगी हात जोडून निश्चल झालेली आम्हीं पाहिली. तरी आमची भीड मोडून तिला ख्रिस्तप्रसाद देण्यास वर्ष लागलें. पुढें कित्येक वर्षांनीं त्याच आईनें, केस पिकल्यावर, विचारलें, ‘फादर, आमच्यामागें हिचें कोण?’ आम्ही निरुत्तर झालों.

सरकारनें १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें त्याचें अर्धें उत्तर दिलें. मूल अठरा वर्षांचें झालें कीं आईबाप आपल्या पसंतीच्या माणसास पालक नेमण्याविषयीं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करूं शकतात. पण त्या अर्जांत नांव कोणाचें लिहावें?

प्रियजनहो, ख्रिस्तसभेनें तें नांव केव्हांच लिहून ठेविलें आहे. प्रत्येक बाप्तिस्म्यास धर्मपिता व धर्ममाता उभे राहतात ते केवळ सोन्याची साखळी देण्यासाठीं नव्हे. त्यांनीं महिन्यांतून एक दिवस त्या लेकरास आपल्या घरीं न्यावें, आईस विसावा द्यावा, भिडे कार्यशाळेंत त्याच्यासोबत जावें, आणि वेळ येईल तेव्हां त्या अर्जावर आपलें नांव घालूं द्यावें. पुढल्या ज्युबिलीचा इतिहास जो कोणी लिहील, त्यास हें पान कोरें सांपडूं नये, इतकीच आमची प्रार्थना आहे.