पडद्याखालची पेटी

मीरा रोडच्या मल्टिप्लेक्समध्ये पार्श्वसंगीत चारही भिंतींतून अंगावर येतं. त्याचं कुळ शोधायचं तर लोकल पकडून दक्षिण मुंबई गाठावी लागते.

७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं प्रथम दिसली. तिथून आठवडाभरात ती नॉव्हेल्टी थिएटरात गेली. लवकरच तिथल्या जाहिरातींत चित्रांबरोबर साजेशा संगीताची निवडही मिरवू लागली. निवडणाऱ्याचं नाव होतं एफ. सेमूर डव्ह. कोणत्या चित्राला काय वाजवायचं हे ठरवणारा माणूस मुंबईत सिनेमाच्या अगदी सुरुवातीपासून होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे वाटा फुटल्या. विलायती चित्रपटांच्या थिएटरांत पियानो आणि व्हायोलिन असे. ते वाजवणारे बरेचसे गोव्याचे, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले. तिकडे अमेरिकेत एर्नो रापे यांनी १९२४ मध्ये पियानोवादकांसाठी जाडजूड संग्रहच काढला. प्रत्येक पानाच्या कडेला भावांची आणि प्रसंगांची यादी, म्हणजे प्रसंग बदलताच हवं ते पान झटकन उघडता यावं.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्यानंतरच्या देशी मूकपटांच्या काळात पडद्याखालची जागा पेटी-तबल्याची झाली. पेटीवाल्याची पोथी त्याच्या डोक्यात. पौराणिक कथा प्रेक्षकांना कीर्तनातून, संगीत नाटकांतून पाठ होत्या. त्यामुळे करुण प्रसंगाला कोणते सूर शोभतात, हे वाजवणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यालाही ठाऊक. मधूनच पडद्यावर अक्षरं यायची, कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवायचं. तेव्हा पेटीला दबून राहावं लागे. संगीतकार केशवराव भोळ्यांनी या वादकांचं वर्णन केलं आहे. खेळाआधी ते थिएटरबाहेर लोकप्रिय चाली वाजवून गर्दी जमवत, आणि आत मारामारी सुरू झाली की वाजवता वाजवता आरडाओरडाही करत. या गोंगाटाला हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रसंग ओळखून त्याच क्षणी उत्तर द्यायचं, हे मोठं कसब आहे.

त्याची खरी परीक्षा 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९). सुरुवातीला फाळके आपल्या मुलीचा, मंदाकिनीचा, चेहरा दाखवतात. सात वर्षांची पोर एकामागून एक भाव बदलत जाते. प्रसंग नाही, कथा नाही, फक्त चेहरा. इथे मारामारीची युक्ती चालत नाही. रस ओळखावा लागतो, तोही तो सरण्याआधी.

१४ मार्च १९३१ ला गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा बोलपट लागला आणि पडद्याखालच्या वादकांचं काम सरत गेलं. गोव्याच्या वादकांची कला पुढे स्टुडिओंच्या ऑर्केस्ट्रांत कामी आली. पेटीची वाट मात्र सरळच राहिली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ला, म्हणजे पहिल्या मराठी बोलपटाला, प्रभात फिल्म कंपनीनं संगीतकार निवडला तो गोविंदराव टेंबे: 'मानापमान' या संगीत नाटकाच्या चाली देणारा, पेटीवर हुकमत असलेला माणूस. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती.

म्हणून आज कुणी 'कालिया मर्दन' जिवंत संगीतासह दाखवणार असेल, तर वाद्यवृंद जमवण्याआधी त्यानं एक चांगला पेटीवाला गाठावा, आणि त्याला पडद्याकडे तोंड करून बसवावं.