महाबळेश्वरच्या रानातील लोखंड

गेल्या माघात आपल्या मंडळाची सहल वाई-महाबळेश्वरास गेली होती. तिचा वृत्तान्त चिटणीसबाईंनी अहवालात दिलाच आहे. देवदर्शन, स्ट्रॉबेरी, पसरणीच्या घाटात कोणाकोणाला मळमळले, ते सर्व त्यात सापडेल. मला लिहावयाचे आहे ते रानातल्या दोन तासांविषयी. मी सातवी झालेली बाई; इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु तेथे जे पाहिले ते मनातून जाईना. मग चौकशी केली, मुलीकडून इंग्रजीतले वाचून घेतले, आणि समजले तेवढे येथे मांडते.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेचे दर्शन झाल्यावर आम्ही दहाबारा जणी पायवाटेने रानात शिरलो. आपण शेवगावची माणसे. रान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाभळी, निंब आणि चैत्रातली धूळ येते. तेथे भर दुपारी सावली होती. जांभूळ, हिरडा, अंजनी, गेळा अशी झाडे. फार उंच नाहीत, वाऱ्यापावसाने वाकलेली, अंगावर शेवाळ. त्या डोंगरावर वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. आपल्याकडे वीस इंच झाला तरी साल चांगले गेले म्हणतो! पायाखालची माती कुंकवासारखी तांबडी, आणि दगड छिद्राछिद्रांचा. त्याला जांभा म्हणतात. त्याचा तांबडेपणा लोखंडाचा असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

वाट दाखवायला तिथलीच एक वयस्कर बाई बरोबर होती. तिने पायाने पाला सारला आणि एक काळा गोटा दाखवून म्हणाली, “उचला बघू, ताई.” उचलला तर आकाराच्या मानाने भलताच जड. एका अंगाने काचेसारखा चकाकणारा, दुसऱ्या अंगाने उतू गेलेल्या काकवीसारखा फुगलेला. “हे लोखंडाचं कीट. इथं धावडांच्या भट्ट्या होत्या,” ती म्हणाली.

धावड हे सह्याद्रीत राहणारे मुसलमान कारागीर. दगडातून लोखंड काढणे हा त्यांचा पिढीजात धंदा. सातारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर १८८५ साली छापले गेले, त्यात त्यांचा उल्लेख आहे. परंतु तोवर भट्ट्या थंड झालेल्या होत्या.

लोखंड कसे निघते ते मला समजले तसे सांगते. दगडातले लोखंड म्हणजे एका परीने गंजलेलेच लोखंड. मातीच्या लहानशा भट्टीत तो दगड फोडून आणि लाकडी कोळसा एकावर एक घालायचा आणि कातड्याच्या भात्यांनी तासन् तास वारा द्यायचा. कोळसा नुसती धग देत नाही, तो दगडातला गंज ओढून घेतो. एवढ्याशा भट्टीत लोखंडाचे पाणी होत नाही. दगडातला मळ तेवढा वितळून वाहतो, तेच हे कीट. लोखंड मागे राहते ते जाळीदार, लालबुंद गोळ्याच्या रूपाने. तो गोळा घणाखाली ठोकून ठोकून उरलेला मळ बाहेर काढला म्हणजे कामाचे लोखंड तयार.

या सगळ्यात कोळसा लागे तो लोखंडाच्या कितीतरी पट. म्हणजे आधी झाडे तोडा, ती झाकून जाळा, मग कोळसा वाहा. ते लाकूड कोणाकोणाच्या डोक्यावरून आले असेल, हे मला कोणी सांगायला नको.

धंदा बुडाला तो दोन्हीकडून. विलायतेचे कारखान्यातले लोखंड जहाजाने स्वस्त येऊ लागले, आणि इकडे कोळसा महागला. १८२८-२९ साली गव्हर्नर माल्कम साहेबांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन तेथे थंड हवेचे ठाणे वसवले. पुढे १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे झाले. रान सरकारचे झाले, आणि कुऱ्हाड घेऊन आत जाणारा गुन्हेगार ठरला.

हे वाचताना मला माझी आई आठवली. माझे माहेर पाथर्डीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई सरपणाला गेली असता एका रखवालदाराने तिची मोळी सोडायला लावली आणि कोयता ठेवून घेतला. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे होते, आणि कोयत्यावाचून तोड कसली? आईने घिसाड्याकडून उधारीवर दुसरा घडवून घेतला. त्याचे पैसे फिटेपर्यंत आमच्या घरी चहात दूध नव्हते. म्हणून धावडांच्या बाजूने माझे मन ओढ घेते. पण खोटे कशाला बोलू? भट्ट्या चालूच राहिल्या असत्या, तर ज्या सावलीत आम्ही डबे उघडून बसलो ती राहिली असती का, हेही मनात येते. माझे मला उत्तर सापडलेले नाही.

त्याच डोंगरावर सरकारनेही एक उद्योग करून पाहिला होता. लिंगमळ्याला १८६५ च्या सुमारास सिंकोनाची लागवड केली. या झाडाच्या सालीपासून हिवतापावरचे क्विनाईन होते. निलगिरीवर ती झाडे जगली. येथे धो धो पावसाने टिकली नाहीत, आणि दहा वर्षांत सरकारने नाद सोडला. आता लिंगमळ्याला लोक धबधबा पाहायला जातात.

आणखी एक गोष्ट बायकांनी ऐकण्याजोगी. आयुर्वेदात पांडुरोगावर, म्हणजे अंगात रक्त कमी झाल्यावर, मंडूर भस्म देतात. मंडूर म्हणजे हेच लोखंडाचे कीट, आणि शंभर वर्षांहून जुने असेल ते उत्तम मानले आहे. बाळंतपणानंतर मी स्वतः ते वैद्यांच्या देखरेखीखाली घेतले होते. कशापासून होते हे विचारण्याचे तेव्हा सुचले नाही.

तो गोटा मी होता तेथेच ठेवला. परत आल्यावर आठवड्याने आईचा कोयता शेवटवायला घिसाडीणबाईंकडे नेला. त्या घण मारीत होत्या, नवरा सांडशीने पाते धरून बसला होता. आता कोयते मालमोटारीच्या कमानपाट्यांचे होतात, दगडाचे लोखंड त्यांच्या सासऱ्यानेही पाहिलेले नाही. मी त्यांना धावडांची हकीकत सांगितली. त्यांनी घण खाली ठेवून पुरती ऐकून घेतली आणि विचारले, “मग त्या लोकांनी पुढं काय केलं, बाई?”