पानाचं दार कोण लावतं?

आजचा भाग आमच्या बेंबळीच्या शेतातून सुरू होतो.

ऑगस्ट २०२३. पावसाने मोठा खंड दिला होता. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. मी लॅपटॉप घेऊन गावी आलो होतो. बाबा म्हणाले, "दुपारी सोयाबीन मान टाकायलंय, पर सकाळी परत उठून बसायलंय. आता पाणी द्यावं का थांबावं?" विहिरीत पाणी एकाच भिजवणीपुरतं होतं.

बीटेक झालेल्या माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून शोधायला बसलो.

पानावर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. हे दार उघडलं की कार्बन डायऑक्साइड आत येतो, झाड जेवण बनवतं. पण त्याच दारातून पाणीही उडून जातं. म्हणजे भूक आणि तहान एकाच दाराला टेकून बसलेली!

१८५६ मध्ये जर्मनीच्या ह्यूगो फॉन मोल यांनी दाखवलं, की छिद्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की दार उघडतं, सैल पडल्या की मिटतं. पण पेशींना हुकूम कोण देतं? चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने शिंगाची पातळ पट्टी पानावर ठेवली. ओलसरपणानुसार ती वाकायची. १८९८ मध्ये त्याने सविस्तर लिहिलं: बहुतेक झाडांत उजेडात दार उघडतं, अंधारात मिटतं.

१९४३ मध्ये जपानच्या इमामुरांना दिसलं, की दार उघडताना रक्षक पेशींत पोटॅशियम जमतं. त्याच्या मागे पाणी येतं. हो, तेच पोटॅशियम, जे आपण १३:००:४५ च्या पिशवीतून फवारतो! निळा उजेड ओळखून हे सगळं सुरू करणारं प्रथिन म्हणजे फोटोट्रोपिन. त्याचं हे काम २००१ मध्ये सिद्ध झालं.

आणि दार लावणारा? त्याची गोष्ट कापसापासून सुरू होते. कापसाची कोवळी बोंडं का गळतात, हे शोधताना अमेरिकेत ॲडिकॉट यांच्या गटाला १९६३ मध्ये एक रसायन सापडलं. त्यालाच पुढे ॲब्सिसिक ॲसिड हे नाव मिळालं. १९६९ मध्ये कळलं, की सुकत चाललेल्या गव्हाच्या पानात ते झपाट्याने वाढतं. रक्षक पेशींतलं पोटॅशियम बाहेर जातं, पेशी सैल पडतात, दार बंद! पेशी हा निरोप कशाने ओळखतात, ते मात्र थेट २००९ मध्ये उलगडलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर उजेड म्हणजे स्टार्ट, ॲब्सिसिक ॲसिड म्हणजे स्टॉप. आणि तहान वाढली की ऊन कितीही असो, स्टॉपचंच चालतं.

पण दार लावून बसणं फुकट नाही. पाणी वाचतं, जेवण थांबतं. शेंगा भरायच्या दिवसांत असं लांबलं, तर दाणा बारीक राहतो.

मग बाबांना काय सांगितलं? "दुपारचं बघू नका, पहाटेचं बघा." रात्रीतून पीक सावरलं, तर मुळांपाशी अजून ओल आहे. पहाटेही मान खालीच असेल, तर ओल संपलीय.

तिसऱ्या पहाटे पानं उठली नाहीत. बाबांनी मोटार चालू केली.

तुमच्या रानात काय दिसतं? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!