मंद्रूपची वाट

मंद्रूपला जायचे कसे, असे विचारले तर सोलापूरकर हसेल. विजापूरचा रस्ता धरावा, वडकबाळला सीना ओलांडावी, की तासाभराच्या आत मंद्रूप! पण ही वाट एवढी सोपी कुणाला आणि केव्हा झाली, हे पाहण्याजोगे आहे.

सोलापुरास आगगाडी 1860 साली आली. पुढे 1884 साली होटगी-गदग मार्ग झाला. परंतु रूळ होटगीवरून विजापूरकडे वळले आणि मंद्रूप बाजूला राहिले. मंद्रूपकराच्या नशिबी पाय आणि बैलगाडी. 1877 साली शहरात जुनी गिरणी सुरू झाली, तिला हात हवे होते. पाळी मात्र भोंग्यावर चाले, बैलाच्या चालीवर नव्हे! ज्याला गिरणीत राबायचे, त्याने गाव सोडून शहरात खोली धरायची, असाच तो हिशेब होता.

1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे ही लाल गाडी खेडोपाडी पोहोचली, तेव्हा कुठे घर गावात आणि काम शहरात, असे जगता येऊ लागले. आम्ही कामगारांत वावरणारे. आमच्या लेखी बसचे भाडे म्हणजे मजुरीतली कपातच.

नदी मात्र अजून कुणाचे ऐकत नाही. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला आणि हाच हमरस्ता बंद पडला. रोजंदारीवाल्याचा तितक्या दिवसांचा खाडा कुणी भरून दिला?