किंग्स्टनच्या पडद्यावर आपलीच गल्ली

चपलांचे पट्टे आवळून घ्या. आता कोणीतरी मागून टाचेवर पाय देणार आहे, आणि चप्पल निसटली तर वाकून उचलायला जागा मिळणार नाही.

तुम्ही जमैकाच्या राजधानीत आहात, किंग्स्टनमध्ये. साल १९७२. चौकाचं नाव क्रॉस रोड्स. समोर घड्याळाचा मनोरा आहे, पण वेळेकडे बघायला कोणाला सवड नाही, कारण सगळी तोंडं कॅरिब थिएटरकडे वळलेली आहेत. दुपारचं ऊन भिंतींनी पिऊन ठेवलंय आणि संध्याकाळी ते परत अंगावर सोडतायत. शेंगदाण्याच्या गाडीतून वाफेची शिट्टी एकसारखी किंचाळतेय. गरम पॅटीचा मसालेदार वास, बसचं डिझेल, घाम, डोक्याला चोपडलेलं तेल आणि कुठूनतरी हळूच येणारा गांजाचा धूर, सगळं एकाच श्वासात नाकात शिरतं. एक बाई टोपलीत आंबे घेऊन बसली आहे. भाव विचारलात तर ती एका जातीचं नाव ‘बॉम्बे’ सांगेल. दचकू नका, या बेटावर त्या आंब्याला तेच म्हणतात. एक घ्या. चीक मनगटापर्यंत ओघळू द्या, आज इथे कोणीच नीटनेटकं राहणार नाही.

एवढी माणसं कशासाठी जमली आहेत? एका सिनेमासाठी. नाव ‘द हार्डर दे कम’. जमैकाच्या लोकांनी, जमैकात, जमैकाच्या बोलीत केलेला पहिला मोठा कथापट. तुमच्या बरगडीत कोपर खुपसून उभा असलेला हा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा सकाळपासून इथे आहे. सिनेमाचा नायक असलेल्या गायक जिमी क्लिफला तो आधीच ‘आपला जिमी’ म्हणतोय, जणू दोघं एका नळावर पाणी भरतात.

या पोराच्या टोपीची तिरकी ठेवण बघा. एक हात कमरेपाशी लटकता, बोटं जरा वाकलेली, डोळे बारीक. ही ऐट त्याला घरात कोणी शिकवलेली नाही. ती कुठून आली हे बघायचं असेल तर काही रात्री मागे जाऊ या.

पश्चिम किंग्स्टनमधलं एक उघडं थिएटर. पुढे लाकडी बाकडी, डोक्यावर आकाश, कुंपणापलीकडे पत्र्यांच्या भिंतींची वस्ती. तिथली पोरं भिंतीवर चढून फुकट सिनेमा बघतायत. पडद्यावर इटालियन काउबॉयपट चालू आहे. धुळीतून एक माणूस शवपेटी ओढत येतो, चाळीस जण त्याच्यावर चालून येतात, तो पेटीचं झाकण उघडतो आणि आतून मशिनगन काढतो. बाकडी हादरतात. पोरं उभी राहून बोटांच्या पिस्तुलांनी पडद्यावर गोळ्या झाडतात. कधी कधी खऱ्या गोळ्याही सुटतात असं लोक सांगतात, म्हणून मधल्या रांगेत बसा. नायकाला काय करायचं ते प्रत्येक जण ओरडून सांगतोय: मागे बघ, मागे! आपल्या एकपडदा थिएटरांत पिटात बसून तुम्ही कधी शिट्ट्या ऐकल्या असतील, तर तोच आवाज दहापट करून घ्या.

खेळ सुटल्यावर घरी जाऊ नका. गल्लीच्या टोकाला कपाटाएवढे स्पीकर रचून ठेवलेत. त्यांतून निघालेला बास आधी कानाला लागत नाही, पोटाला लागतो. शर्टाची बटणं थरथरतात. बाटलीतलं पाणी हलतं. रेकॉर्डवर गाणं चालू असताना माइक घेतलेला माणूस त्यावर आपलं बोलणं चढवतो, हेल काढतो, किंचाळतो, विनोद करतो. यांतला एक किंग स्टिट. जन्मतःच त्याच्या चेहऱ्यात व्यंग आहे. लोकांनी त्यावरून नाव ठेवायच्या आधीच त्याने ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या सिनेमातून स्वतःच नाव उचललं: ‘द अग्ली’. त्याच सिनेमातल्या ली व्हॅन क्लीफ या नटाच्या नावाने त्याची रेकॉर्डही निघाली. ज्या तोंडाला घाबरून लोक नजर फिरवायचे, ते तोंड बघायला आता नाचाला गर्दी होते. एका सिनेमाने एका माणसाला काय दिलं, ते तुम्ही समोर उभं राहून बघताय.

वडीलधाऱ्यांना मात्र यात फक्त नुकसान दिसतं. पोरं सिनेमा बघून बिघडतात, कमरेला सुरे लावतात, रूड बॉय, म्हणजे गल्लीगुंड, होतात, हे चर्चमध्ये ऐकाल, बसमध्येही ऐकाल. ते अगदी खोटं नाही. डेस्मंड डेकरच्या १९६७ च्या गाण्याचं नावच ‘००७’ आहे. जेम्स बाँडचा तो आकडा त्याने सरळ झोपडपट्टीतल्या मारामारीला चिकटवला. पण त्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी विचारा की या पोराला आयुष्यभर पडद्यावर स्वतःसारखं कोण दिसलं? नोकर दिसला, डोळे वटारून पळणारा भित्रा दिसला, जंगलात भाला नाचवणारा दिसला. आपला रंग दिसला की पोरगं मान खाली घालायचं, आणि गोऱ्या काउबॉयने पिस्तूल काढलं की मान वर व्हायची. मला या नकलेचा राग येत नाही. ज्याला आरशात आपला चेहरा बघू दिलेला नाही, तो समोर दिसेल तो चेहरा घालून बघणारच.

चला, परत कॅरिबच्या दारात. लवकर.

गर्दी दुप्पट झाली आहे. तिकीटवाले आणि बिनतिकीटवाले यांतला फरक मघाशीच संपला. एक लाट मागून येते, तुमचे पाय जमिनीवरून उचलले जातात आणि हो, चप्पल गेलीच. फाटक वाकतं, करकरतं, सुटतं. सुटाबुटातले निमंत्रित पाहुणे, पंधराएकशे खुर्च्या, दाराशी उभे असलेले गणवेषवाले, या सगळ्यावरून वस्ती आत शिरते. एका खुर्चीत तीन जण. जिन्यात माणसं, भिंतीला चिकटलेली माणसं. तुमच्या मांडीवर कोणाचं तरी लेकरू येऊन बसलंय, आणि त्याची आई तुमच्याकडे बघून फक्त मान हलवते. एवढी ओळख पुरे आहे. हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडली आहे.

दिवे जातात. पडद्यावर एक बस येते. सामानाने लादलेली, खेड्यातून शहराकडे निघालेली, अरुंद पुलावर समोरच्या गाडीपुढे अडलेली. आणि सभागृह फुटतं. हशा, किंकाळ्या, खुर्च्यांवर थापा. नवख्याला कळणार नाही की बसमध्ये एवढं काय आहे. पण ही त्यांची बस आहे. याच बसमध्ये बसून यांतले निम्मे लोक किंग्स्टनला आलेत, आईसाठी पिशवीत आंबे घेऊन, जसा पडद्यावरचा आयव्हन, म्हणजे जिमी, आणतोय. तो शहरात उतरतो, हातगाडीवाला त्याचं सामान घेऊन पळतो, आणि तुमच्या मागून कोणीतरी कळवळून ओरडतं, ‘अरे, त्याच्या हातात देऊ नकोस!’ पडद्यावरची माणसं जमैकन पात्वा बोलतायत, जी शाळेत बोललं की छडी मिळते. पुढे अमेरिकेत हाच सिनेमा दाखवताना खाली इंग्रजी ओळी द्याव्या लागतील. इथे मात्र एकही शब्द वाया जात नाही. याच वर्षी आपल्याकडे मुंबईत नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह निघतोय, गल्लीची भाषा जशीच्या तशी घेऊन. किंग्स्टनला त्याची खबर नाही आणि मुंबईला याची. तरी दोन बंदरांत एकाच वर्षी हे झालं, याचा मला फार आनंद होतो.

आयव्हन सिनेमाला जातो. कोणत्या? त्याच शवपेटीवाल्या, ‘जँगो’ नावाच्या. पडद्यातल्या पडद्यावर मशिनगन चालते, पडद्यातली पोरं ओरडतात आणि कॅरिबमधली पोरं त्यांच्याबरोबर ओरडतात. तुमच्या शेजारचा तो टोपीवाला पोरगा एकदम गप्प होतो. त्याने आत्ता स्वतःला ओरडताना बघितलं.

दिग्दर्शक पेरी हेन्झेल गोरा आहे, पण जमैकातच जन्मलेला. ट्रेव्हर रोन या काळ्या नाटककाराबरोबर त्याने पटकथा लिहिली आहे. पोरांना नकला करताना दाखवून हसायचं, किंवा त्यांना धडा शिकवायचा, असले सोपे मार्ग दोघांनी घेतले नाहीत. आयव्हनला पिस्तूल कुठून मिळालं हे ते दाखवतातच. त्याआधी त्याला काय मिळालं नाही तेही दाखवतात. तो गाणं रेकॉर्ड करतो. स्टुडिओचा मालक त्याच्यापुढे वीस डॉलर ठेवतो. आयव्हन नकार देतो, रेकॉर्ड घेऊन स्वतः दारोदार फिरतो, कोणी ती वाजवत नाही, आणि शेवटी त्याच माणसापुढे येऊन तेच वीस डॉलर घेतो. या वेळी सभागृहात हशा नाही, शिवी आहे, शेकडो तोंडांतून एकदम निघालेली. या खुर्च्यांत बसलेल्या कितीतरी जणांनी गाणी गायली आहेत, आणि त्यांना वीससुद्धा मिळालेले नाहीत. खुद्द जिमी क्लिफ डोंगराकडच्या खेड्यातून चौदाव्या वर्षाच्या आसपास असाच गायला आला होता. पोरांना सिनेमाने बिघडवलं म्हणणाऱ्यांनी या वीस डॉलरचं काय ते सांगावं.

पुढे आयव्हनच्या हातून पोलीस मरतो आणि तो फरारी होतो. मग तो फोटोग्राफरकडे जातो, दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन, पाय फाकवून उभा राहतो, आणि ते फोटो वर्तमानपत्राला पाठवतो. तुमच्या पलीकडच्या म्हाताऱ्याने तुमचं मनगट धरलंय. त्याला हे आठवतं. १९४८ मध्ये आयव्हनहो मार्टिन नावाचा खराखुरा फरारी होता, लोक त्याला राइगिन म्हणायचे. त्याचा तसाच फोटो पेपरात आला होता. शेवटी लाइम के नावाच्या छोट्या बेटावर पोलिसांनी त्याला मारलं. ‘काउबॉयसारखाच उभा होता,’ म्हातारा म्हणतो. तेव्हा ना आजची पोरं होती ना आजचे सिनेमे, तरी त्याची उभं राहण्याची तऱ्हा तीच. ती तेव्हाही कुठल्यातरी पडद्यावरूनच आलेली असणार.

मांडीवरचं लेकरू झोपलंय. त्याची आई मात्र ताठ बसली आहे. पडद्यावरच्या एल्साकडे, आयव्हनबरोबर राहणाऱ्या बाईकडे बघतेय ती. आयव्हन हिरो झाला, भिंतीवर त्याचं नाव लिहिलं गेलं, आणि एल्सा आजारी पोराला काय खायला घालायचं या चिंतेत आहे. शेवटी तीच त्याचा ठावठिकाणा सांगते. पुरुषांच्या रांगा तिला शिव्या घालतात. ही बाई घालत नाही. सिनेमा एल्साला फार थोडा वेळ देतो, आणि मला ते खटकतं. किंग्स्टनची निम्मी वस्ती एल्साच्या बाजूने जगते, तिच्यासाठी कोणी बाकडी वाजवत नाही. या आईला विचारलं तर ती दुसराच सिनेमा सांगेल. पण तो अजून कोणी काढलेला नाही.

समुद्रकिनारा. शिपाई बंदुका घेऊन उतरतात. आयव्हन एकटा बाहेर येतो, आणि गोळ्या सुटायच्या आधी त्याच्या डोक्यात ती लाकडी बाकड्यांवरची पोरं हसतात, टाळ्या वाजवतात. मरतानाही तो थिएटरातच आहे. आजूबाजूला बघा. कोणी उभं राहून नाचतंय, कोणी रडतंय, कोणी ‘मेला नाही तो!’ म्हणून भांडतंय. हे लोक आज आयव्हनची नक्कल करत नाहीयेत. ते त्याचे साक्षीदार आहेत: हो, ही आमची बस, हा आमचा नळ, हे आमचे वीस डॉलर.

बाहेर पडा, जमेल तसं. लेकरू आईकडे द्या. रस्ता तापलेलाच आहे, अनवाणी पायाला कळेल. कोपऱ्यावर कोणीतरी स्पीकर लावलेत आणि जिमीचं गाणं सुरू झालंय. अर्ध्या तासापूर्वी ऐकलेली चाल अख्खा चौक तोंडपाठ म्हणतोय. काही वर्षांनी इथले माइकवाले स्वतःला क्लिंट ईस्टवूड आणि जोझी वेल्स म्हणवून घेतील आणि याच बेटाच्या रेकॉर्ड लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत पोरांच्या खोल्यांत वाजतील. आज ते कोणाला माहीत नाही, आणि कोणाला पर्वाही नाही.

तो टोपीवाला पोरगा तुमच्या बाजूने चालतोय. टोपी आता सरळ आहे. त्याच्याकडे एक गाणं आहे, स्वतः लिहिलेलं. ब्रेंटफर्ड रोडवरच्या स्टुडिओ वनमध्ये रविवारी नव्या गायकांना ऐकतात, तिथे तो जाणार आहे. बसचं भाडं आहे का तुमच्याकडे? द्या त्याला. नाणी मुठीत घेऊन तो चौकातल्या गोंगाटावर आवाज चढवतो आणि तुम्हाला ते गाणं पहिल्यापासून म्हणून दाखवतो, दुसरं कडवं विसरतो, पुन्हा सुरू करतो. मग मधेच थांबून विचारतो, ‘वीस नाही म्हटल्यावर पुढे किती सांगायचे, चाळीस की शंभर?’